कावीळ, भुईआवळा आणि काकतालीय न्याय

श्रोतेहो, आज आपल्याला एका लहानशा झुडपाचा इतिहास पाहायचा आहे. पावसाळ्यात बांधावर, अंगणात आपोआप उगवणारा भुईआवळा. पानांखाली ओळीनं आवळ्यासारखी बारीक फळं लागतात, म्हणून हे नाव, संस्कृतात भूम्यामलकी. कावीळ झाली की खेडोपाडी तो आजही वाटून देतात.

दिला आणि माणूस बरा झाला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खोटं बोलत नाहीत. पण दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते. मग श्रेय झाडाचं की शरीराचं? शास्त्रकार याला काकतालीय न्याय म्हणतात. आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. इथे नुसता अन्वय पुरत नाही, व्यतिरेकही पाहावा लागतो. ज्यांना औषध दिलं नाही, त्यांचं काय झालं?

हा प्रश्न मद्रासच्या संशोधकांनी विचारला, तोही बी विषाणूबाबत. हा विषाणू रक्तातून पसरतो, आईकडून बाळाला जातो, काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं राहतो आणि पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. त्याच्या शोधाबद्दल बरूच ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं होतं. तेच ब्लुमबर्ग या कामात थ्यागराजन यांच्याबरोबर होते. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. तीस दिवस भुईआवळ्याची पूड घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसतं नावाचं औषध मिळालेल्या २३ जणांपैकी एकाचीच. केवढी आशा वाटली असेल!

पण १९९० साली, त्याच ‘लॅन्सेट’मध्ये, थायलंडच्या संशोधकांनी कळवलं की त्यांच्याकडच्या वाहकांमध्ये हा गुण दिसला नाही. जात, जमीन, तोडणीचा हंगाम बदलला की वनस्पतीतली द्रव्यंही बदलतात, हे खरं. तरी जो गुण पुन्हा दाखवता येत नाही, त्याच्यावर रोग्याचा जीव टांगता येत नाही.

आम्हाला इथे परंपरेचा अपमान करायचा नाही. व्यतिरेक पाहायला शिकवलं तेही परंपरेनंच. पण दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरून काविळीची मोठी साथ आली, तेव्हा गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. पुढे कळलं, तो ई विषाणू होता. म्हणजे चार जणांना जी कावीळ आपोआप सोडते, तीच पाचवीचा जीव घेऊ शकते. वरून डोळे दोघींचे सारखेच पिवळे.

म्हणून आधी रक्त तपासून घ्या, कोणता विषाणू आहे ते कळू द्या. घरात गर्भवती असेल तर एक दिवसही न दवडता दवाखाना गाठा. बी विषाणूवर लस आहे; ती बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत टोचून घ्या. हे सगळं झाल्यावर, डॉक्टरांना सांगून, भुईआवळ्याचं काय करायचं ते ठरवा.