शंभर टनांची तोफ

"गुरुजी, त्या तोफेने किती जहाजे बुडवली, तेवढे विचारून या!"

मे महिन्याच्या सुट्टीत मी माल्टाला निघालो, तेव्हा सातवीतल्या एका पोराने माझ्यावर ही कामगिरी सोपवली. माझी धाकटी बहीण तिकडे इस्पितळात परिचारिका आहे. "दादा, एकदा तरी येऊन जा," असा तिचा तीन वर्षांचा धोशा होता. आम्ही मुरूडकडची माणसे. जंजिऱ्याच्या कलालबांगडीला पाठ टेकून समुद्र पाहत आमचे लहानपण गेले. तेव्हा माल्टात शंभर टनांची तोफ आहे, हे मीच वर्गात मोठ्या ऐटीने सांगून बसलो होतो. आता उत्तर आणणे भागच होते.

व्हॅलेटाहून लाँचने बंदर ओलांडले आणि पुढे कालकारा गावापासून आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंना फड्या निवडुंग, दगड मधाच्या रंगाचा, आणि ऊन मात्र थेट आपल्या कोकणातले. रिनेला किल्ला दुरून दिसतच नाही. जंजिरा कसा पाण्यातून छाती काढून उभा असतो. हा जमिनीत दबा धरून बसलेला. खंदक ओलांडून आत गेलो, वर चढलो, आणि बहीण एकदम म्हणाली, "अगं बाई! ही तोफ आहे की आगगाडीचे इंजिन?"

काळी, बुडाशी फुगलेली, जवळजवळ दहा मीटर लांबीची ती नळी समुद्राकडे तोंड करून पडली होती. शंभर टन म्हणजे क्विंटलाची हजार पोती! तोंडाचा व्यास ४५ सेंटिमीटर. गोळा नऊशे किलोंहून जड, आणि तो उडवायला दोनशे किलो दारू.

हे धूड जन्मले कसे, ती हकीकत मोठी मौजेची आहे. इटलीने १८७३ साली 'दुइल्यो' आणि 'दांदोलो' ही दोन चिलखती जहाजे बांधायला घेतली आणि प्रत्येकीवर अशा चार-चार तोफा बसवायचे ठरवले. तोफा ओतल्या कोणी? इंग्लंडातल्या आर्मस्ट्राँगच्या कारखान्याने! मग इंग्रज सरकारची झोप उडाली. माल्टावरची त्यांची सर्वांत मोठी तोफ होती ३८ टनांची. उद्या इटालियन जहाजे दूर उभी राहून बंदर झोडपू लागली तर? तेव्हा सरकारही त्याच आर्मस्ट्राँगच्या दारात गेले आणि चार तोफा घेऊन आले. दोन माल्टासाठी, दोन जिब्राल्टरसाठी. एकाच दुकानदाराने भांडणाऱ्या दोन्ही शेजाऱ्यांना काठ्या विकाव्यात, तसाच हा सौदा. दुकानदार खूश!

रिनेलाचे काम १८७८ साली सुरू झाले. तोफ माल्टाच्या बंदरात आली सप्टेंबर १८८२ मध्ये, आणि आपल्या जागी चढली जानेवारी १८८४ मध्ये. एवढे ओझे माणसांच्या हातून हलणारे नव्हे, म्हणून किल्ल्याच्या पोटात वाफेचे इंजिन बसवले आणि पाण्याच्या दाबावर सारी यंत्रणा चालवली. बार झाला की तोफ वळायची, मान खाली घालून भिंतीतल्या एका झरोक्याशी तोंड लावायची. आतून पाण्याने तिचे तोंड धुवायचे, म्हणजे उरलेली ठिणगी विझावी. मग दारू आणि गोळा लांब दट्ट्याने ठासायचे, की पुन्हा समुद्राकडे वळायचे. हे सारे सहा मिनिटांत, आणि शिपाई दगडी भिंतीआड सुखरूप. कारागिरांना मनोमन हात जोडावेत असेच काम! इटालियनांचे नशीब मात्र इतके चांगले नव्हते. १८८० साली दुइल्योवरची एक तोफ चाचणीतच फुटली.

आता खर्च ऐका. एका बाराला लागे तो पैसा २६०० शिपायांच्या एका दिवसाच्या पगाराएवढा! म्हणून सरावालासुद्धा तीन महिन्यांत एकच गोळा उडवायची परवानगी. हा आकडा ऐकला आणि मला आपलीच माणसे आठवली. ज्या १८७८ साली किल्ल्याचा पाया पडला, त्याच वर्षी रशियाला धाक दाखवण्यासाठी इंग्रजांनी सुमारे सात हजार हिंदी शिपाई मुंबईच्या बंदरातून माल्टाला आणून उभे केले होते. लढाई झालीच नाही. तेही धाक दाखवायला, तोफही धाक दाखवायला. तोफेच्या माहितीला येथे चार खोल्या आहेत. त्या शिपायांच्या नावाची एक पाटी मी सगळीकडे शोधली, ती मला दिसली नाही.

अखेर दाखवणाऱ्या गृहस्थांना मी पोराचा प्रश्न विचारला. ते हसले. "एकही नाही. शत्रूवर हिने कधी गोळाच टाकला नाही."

१९०६ साली तोफ कामावरून काढली. इटालियन हल्ला आला खरा, पण ११ जून १९४० रोजी, आणि तोही आकाशातून! माल्टावरची दुसरी तोफ पुढे मोडीत निघाली. ही राहिली, आणि १९९१पासून वारशाची कळकळ असलेल्या मंडळींनी हिचा किल्ला दुरुस्त केला.

जूनमध्ये शाळा उघडली. ओसरीवर मी खडूने तोफेच्या लांबीची रेघ ओढली आणि पोरांना तिच्यावर ओळीने निजवले. सात पोरे मावली.

"गुरुजी, जहाजे किती?"

"एकही नाही."

पोराचे तोंड उतरले. थोडा वेळ तो रेघेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आणि त्या इटलीवाल्यांनी माल्टावर?"

"त्या जहाजांनी? त्यांनीही नाही."

"मग तो कारखानावाला, गुरुजी, त्याला पैसे मिळाले?"

"मिळाले."

तेवढ्यात घंटा झाली, आणि सातही पोरे रेघेवरून उठून पावसात पळाली.