मंदीत यंत्रे बदलणारी नागपूरची गिरणी

मंदीची चाहूल लागली की कंपन्यांच्या अंदाजपत्रकात पहिली कात्री बहुधा संगणकांच्या खर्चावर चालते. जुने सर्व्हर आणखी दोन वर्षे चालवावेत, नवी प्रणाली पुढच्या वर्षी पाहू, असे ठरते. तंत्रज्ञानावर पैसा केव्हा लावावा आणि केव्हा हात आखडता घ्यावा, हा प्रश्न मात्र संगणकाहून बराच जुना आहे. नागपुरात तो जुम्मा तलावाकाठी, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळ, १८७७ सालीच उभा राहिला होता.

थोडे मागे जावे लागेल. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. त्या पडझडीत टाटा कुटुंबाची पेढीही सापडली. तरुण जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते, आणि आपल्याच पेढीच्या देणेकऱ्यांना तोंड देण्याची वेळ त्यांच्यावर आली. तेजीत फुगलेला पैसा किती लवकर विरतो, हे त्यांनी पंचविशीतच पाहिले.

पुढे स्वतःची गिरणी काढताना त्यांनी मुंबई टाळली. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली होती, कापूस दारात होता, कोळसा वरोऱ्याहून मिळण्यासारखा होता. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली. गिरणीची जागा दलदलीची होती, ती भरून काढावी लागली. एका स्थानिक सावकाराने ‘हा माणूस सोने मातीत घालतो आहे’ म्हणून पैसे द्यायचे नाकारले, अशी कथा सांगितली जाते. पुढे त्याच सावकाराने शब्द फिरवले म्हणतात : टाटांनी माती घातली आणि सोने काढले. कथा खरी असो वा रचलेली, पहिली काही वर्षे तिच्या पूर्वार्धासारखीच गेली.

१ जानेवारी १८७७ रोजी, दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि ‘एम्प्रेस’ हे नाव घेऊन बसली. सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग. पण भांडवल वाचवण्याच्या नादात यंत्रे हलक्या प्रतीची घेतली गेली होती. सूत ना धड निघे ना पुरेसे. समभागांची किंमत दर्शनी मूल्याच्या खाली गेली. दक्षिणेत त्या वेळी भीषण दुष्काळ चालू होता. शिवाय जगभर चांदी स्वस्त होत चालल्याने रुपया पौंडापुढे घसरत होता : १८७० च्या सुमारास जवळजवळ २ शिलिंगांचा असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. म्हणजे विलायती यंत्रे पुन्हा मागवायची, तर दर वर्षी जास्त रुपये मोजायचे.

अशा वेळी जुन्या यंत्रांवरच कसेबसे भागवणे हा सोपा मार्ग होता. जमशेटजींनी चूक मान्य केली आणि यंत्रे बदलायला घेतली. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेच्या माल वाहतूक खात्यातून आलेले, कापडधंद्याचा अनुभव शून्य. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तज्ज्ञाकडे होती. या जोडीने गिरणी रुळावर आणली.

सर्वांत रोचक भाग रिंग चात्यांचा आहे. त्या काळचा प्रतिष्ठित सूतकताईचा साचा म्हणजे म्यूल. तो आधी सूत ओढून पीळ देई, मग थांबून ते गुंडाळी. त्यावर मुरलेला कारागीर लागे. अमेरिकेत निघालेली रिंग चाती पीळ आणि गुंडाळणी एकाच अखंड गतीत करी. ती शिकायला सोपी होती आणि जाड सुताला विशेष मानवणारी होती. वऱ्हाड-नागपूरचा आखूड धाग्याचा कापूस जाड सुताचाच. लँकेशायरला मात्र या यंत्राचे अप्रूप नव्हते. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने ते बनवून देण्यास नकार दिला. तेव्हा ब्रुक्स अँड डॉक्सी या दुसऱ्या कंपनीकडे मागणी गेली.

एम्प्रेसने सगळा साचा एकदम बदलला नाही. १८८३ च्या सुमारास प्रयोगापुरत्या दोनच रिंग फ्रेम बसवल्या गेल्या. त्या आपल्या कापसावर, आपल्या कामगारांच्या हाती कशा चालतात ते पाहिले गेले, आणि मगच विस्तार झाला. जपानच्या गिरण्या रिंगकडे वळल्या त्या १८८० च्या दशकाच्या अखेरीस. लँकेशायरमध्ये तर पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत बहुतांश चात्या म्यूलच्याच होत्या.

या निर्णयांमागे हिशेबाची एक बाजू होती, आणि ती यंत्रांइतकीच महत्त्वाची वाटते. मुंबईतले बरेच मॅनेजिंग एजंट उत्पादनाच्या वजनावर दलाली घेत. गिरणी तोट्यात गेली तरी रतलामागे पाव आणा त्यांच्या खिशात पडे. असा माणूस बुडत्या बाजारातही जुनी यंत्रे रेटत राहील, नवी घेण्याची घाई त्याला कशाला? जमशेटजींनी १८८६ मध्ये स्वदेशी मिल काढली तेव्हा एजंटांचा मोबदला नफ्याच्या प्रमाणात ठरवला.

स्वदेशी मात्र त्यांच्या गळ्याशी आली. कुर्ल्याची धरमसी मिल स्वस्तात मिळाली म्हणून त्यांनी घेतली, आणि आतली यंत्रे मोडकळीला आलेली निघाली. नागपूरचा धडा गिरवूनही मोह सुटला नव्हता, असेच म्हणावे लागेल. समभाग कोसळले, बँकेने पत नाकारली. तेव्हा त्यांनी कुटुंबाच्या विश्वस्त निधीला हात घातला, एम्प्रेसचे काही समभाग विकले आणि तो पैसा स्वदेशीच्या दुरुस्तीत ओतला. नागपूरच्या रिंग चात्यांच्या कमाईवर कुर्ल्याची गिरणी तगली.

एम्प्रेस वाढत पाच गिरण्यांची झाली. दुसऱ्या महायुद्धात देशभरच्या गिरण्या अहोरात्र चालल्या. मागणी प्रचंड, पण नवी यंत्रे युद्धामुळे मिळेनात. स्वातंत्र्यानंतर गिरण्यांच्या मागांच्या विस्तारावर सरकारी बंधने आली, आणि यंत्रमागांनी स्वस्त कापडाचा बाजार घेतला. झिजलेली यंत्रे बदलण्याची वेळ आली तेव्हा त्यासाठी लागणारा नफाच या धंद्यात उरला नव्हता. १९८६ मध्ये राज्य शासनाला खास कायदा करून एम्प्रेस मिल टाटांकडून ताब्यात घ्यावी लागली. काही वर्षे ती सरकारी महामंडळाने रेटली, मग तीही बंद पडली आणि हजारो कामगारांची घरे उघडी पडली. त्या जागेवर आज एम्प्रेस सिटी मॉल आहे. रेल्वेतून आलेल्या त्या व्यवस्थापकाचे नाव उत्तर नागपुरातल्या बेझनबागेत टिकून आहे.