गदा परत द्यावी लागत नाही

जानेवारी 2020 मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन भरले, तेव्हा गतविजेता बाला रफिक शेख माती विभागात माउली जमदाडेकडून हरला. मुष्टियुद्धात किंवा अमेरिकेतल्या पट्ट्याच्या कुस्तीत किताबाच्या लढतीत असे घडले असते, तर त्याच क्षणी जमदाडे नवा विजेता ठरला असता. इथे त्याच्या हाती फक्त पुढची फेरी लागली. मातीत त्याला शैलेश शेळकेने अडवले, गादी विभागातून हर्षवर्धन सदगीर वर आला, आणि काका पवारांच्या एकाच तालमीतल्या या दोन पैलवानांच्या कुस्तीतून सदगीर महाराष्ट्र केसरी झाला. शेख हरला तरी त्याचा 2018 चा किताब त्याच्याकडेच राहिला. किताब पणाला लावायचा आणि राखायचा, ही कल्पनाच या परंपरेत नाही. ती आणायची राहून गेली असे मला वाटत नाही. या किताबाच्या जन्मातच तिला फाटा दिलेला आहे.

त्याआधीचा रिवाज आव्हानाचा होता. गामा पैलवानाचेच घ्या. सप्टेंबर 1910 मध्ये लंडनला पोलिश मल्ल झिबिस्कोबरोबरची त्याची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालूनही सुटली नाही. आठवड्याने ठरलेल्या दुसऱ्या कुस्तीला झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाकडे गेला. 1928 मध्ये पतियाळाला गामाने त्याला मिनिटभराच्या आत पाडले. या दोन कुस्त्यांच्या मध्ये सतरा वर्षांहून जास्त काळ गेला. जगज्जेता कोणाशी, कधी आणि कुठे लढणार हे ठरत होते ते त्याच्या मर्जीवर आणि खर्च उचलणाऱ्या संस्थानिकाच्या ऐपतीवर. तोलाची जोड मिळाली नाही, तर किताब आपोआप राखला जाई. गामा थोर होताच, पण त्याचे थोरपण तपासायचा ठरलेला दिवस नव्हता.

संस्थाने विलीन झाली आणि हा आश्रयदाता गेला. 1953 मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि 1961 मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. दरबाराची जागा अधिवेशनाने घेतली. जिल्ह्यांनी मल्ल निवडून पाठवायचे, सर्वांनी तळापासून लढायचे, गतविजेत्यानेसुद्धा. म्हणूनच विजेत्यांच्या यादीत काही वर्षे कोरी आहेत. ज्या वर्षी शेवटची कुस्ती सुटली नाही किंवा अधिवेशनच भरले नाही, त्या वर्षी आदल्या केसरीचे नाव पुढे ओढलेले नाही. किताब राखण्याच्या पद्धतीत बरोबरी म्हणजे विजेत्याचा फायदा. इथे बरोबरीत कोणाचाच फायदा नाही. मोहोळ कुटुंबाकडून दिली जाणारी चांदीची गदाही फिरती नाही. ती मल्लाच्या घरी जाते आणि पुढच्या वर्षी दुसरी घडवली जाते.

अमेरिकेत याच सुमारास नेमके उलटे चालले होते. 1948 मध्ये आयोवात काही ठेकेदारांनी एकत्र येऊन संघ काढला, मुलूख वाटून घेतले आणि सर्वांचा मिळून एक जगज्जेता मानला. हा जगज्जेता गावोगाव फिरे आणि प्रत्येक मुलखातल्या लाडक्या पैलवानासमोर किताब राखे. निकाल आधी ठरलेले असत. साठ मिनिटे संपली किंवा कुस्ती नियमभंगाने बाद झाली, तर पट्टा जागचा हलत नसे. गावचा गडी जिंकता जिंकता राहिला, या समाधानात लोक घरी जात आणि पुढच्या खेळाची तिकिटेही खपत. किताब राखणे हा तिथे धंद्याचा कणा होता. आपल्याकडे दारासिंग आणि किंगकाँग यांच्या मुंबईतल्या लढतींनी त्या बाजाची झलक दाखवली. तालमींनी ती पाहिली आणि सोडून दिली.

यावर कोणी म्हणेल, मग नरसिंग यादव (2011 ते 2013) आणि विजय चौधरी (2014 ते 2016) यांनी तीन-तीन वर्षे केले ते काय? किताब राखणेच की. पण भाषा पाहा: आपण त्यांना ट्रिपल महाराष्ट्र केसरी म्हणतो, म्हणजे तीन वेगवेगळे किताब मोजतो, एकच किताब तीन वर्षे टिकला असे मानत नाही. चौधरीची मालिका कोणी पाडून तोडली नाही. 2017 मध्ये भूगावला अभिजित कटके जिंकला तो किरण भगतला हरवून. चौधरी त्या वेळी आखाड्यात नव्हता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आव्हान गेले कुठे? यात्रेच्या फडात केसरीविरुद्ध केसरी अशी जोड आजही लागते आणि इनामाचा आकडा किताबावरूनच ठरतो. खरे आहे. मात्र तिथे पणाला लागते ते नाव. 1977 मध्ये बेळगावला हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला पाडले, तेव्हा सतपालचा दरारा गेला; त्याच्या पदव्या काही बिराजदारांकडे आल्या नाहीत. बिराजदारांना त्यांची गरजही नव्हती, ते 1969 पासून केसरी होतेच.

या रचनेचे दुखणे वेगळेच आहे. किताब माणसाकडून माणसाकडे जात नाही, संस्थेकडून येतो. मग संस्थाच दुभंगली की काय? नोव्हेंबर 2023 मध्ये तेच झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने गतविजेत्या शिवराज राक्षेला अंतिम कुस्तीत हरवले आणि तो केसरी झाला. त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या गटाच्या स्पर्धेत राक्षेने सदगीरला हरवले आणि तोही केसरी झाला. किताब पणाला लागत असता, तर फुलगावहून निघताना राक्षेकडे धाराशिवला नेण्यासारखे काही उरले नसते. 2025 मध्ये पुन्हा अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके असे दोन केसरी झाले. त्या दोघांची जोड लावणे कोणत्याच गटाला बंधनकारक नव्हते.