पिकअप वाहनातील टायर व निलंबन फेरबदल

पिकअप या हलक्या मालवाहू वाहनाला उत्पादकाने ठरवून दिलेल्या मापापेक्षा मोठे टायर बसवणे, तसेच त्याच्या निलंबनात म्हणजेच सस्पेन्शनमध्ये बदल करून सांगाडा जमिनीपासून अधिक उंच करणे, हे दोन फेरबदल बहुधा एकत्र केले जातात. खडबडीत किंवा चिखलाच्या वाटेवर वाहनाचा तळ घासू नये, हा त्यांचा मूळ हेतू असतो. अधिक माल वाहणे आणि वाहनाला रुबाबदार रूप देणे, ही इतर कारणे होत. या फेरबदलांमुळे वाहनाची उंची वाढते, परंतु नोंदणीकृत भारक्षमता वाढत नाही. स्थैर्य, ब्रेक आणि कायदेशीर दर्जा यांवर मात्र त्यांचा थेट परिणाम होतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीप नागरी वापरात आल्या आणि अमेरिकेत रस्त्याबाहेर वाहन चालवण्याचा छंद वाढला. मोठे टायर व उंच निलंबन यांची प्रथा याच छंदातून रुळली. भारतात महिंद्र आणि महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्यावेळच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ हे पिकअप बाजारात आणले. २००५ मध्ये आलेल्या टाटा एस या छोट्या मालवाहू वाहनामुळे चारचाकी मालवाहतूक लहान व्यावसायिकांच्या आवाक्यात आली. इसुझू व्ही-क्रॉस (२०१६) आणि टोयोटा हायलक्स (२०२२) यांसारखी चारही चाकांना शक्ती देणारी पिकअप आल्यावर हौशी फेरबदलांना भारतातही चालना मिळाली.

ग्रामीण महाराष्ट्रात चाक बदलण्याची गरज पिकअपच्या आधीची आहे. लाकडी चाकांच्या बैलगाडीची जागा हवेच्या टायरच्या गाडीने घेतली, तेव्हाही मऊ जमिनीत चाक रुतू नये आणि बैलांवरील ओढ कमी व्हावी, हाच हेतू होता. ऊस वाहणारी अशी गाडी टायरगाडी म्हणून ओळखली जाते.

पुणतांबा परिसरातील संदर्भ

पुणतांबा हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील गोदावरीकाठचे गाव आहे. चांगदेव महाराजांच्या समाधीसाठी ते प्रसिद्ध आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावरील या स्थानकातून शिर्डीकडे जाणारा फाटा निघतो. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक याच गावातून दिली गेली. शहरांकडे जाणारे दूध व भाजीपाला रोखणे हे त्या संपाचे प्रमुख साधन होते. शेतमालाची वाहतूक हा या भागाच्या अर्थकारणाचा किती महत्त्वाचा दुवा आहे, हे त्यातून दिसून आले.

गोदावरी कालव्यांच्या लाभक्षेत्रातील या पट्ट्यात ऊस, कांदा, गहू, सोयाबीन ही पिके आणि पेरू, डाळिंब या फळबागा आहेत. येथील काळी जमीन ओली झाली की फुगते व चिकट होते, वाळली की तिला भेगा पडतात. त्यामुळे पावसाळ्यात शिवाररस्त्यांवर खोल चाकोऱ्या पडतात. दोन चाकोऱ्यांमधला मातीचा उंचवटा वाहनाच्या तळाला लागतो. दुसरीकडे तेच वाहन काही वेळाने नगर–मनमाड महामार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर वेगाने धावते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. शेतातील वाटेला उंच वाहन सोयीचे, तर महामार्गावर बुटके वाहन सुरक्षित. फेरबदलाविषयीचे बहुतेक प्रश्न या विरोधातून उभे राहतात.

मोठे टायर

टायरच्या कडेवर त्याचे माप छापलेले असते. उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ या मापात २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी असते, ७५ ही कडेच्या उंचीची रुंदीशी टक्केवारी असते, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास होय. या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिमी येतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ मापाचा टायर बसवल्यास व्यास सुमारे ७३३ मिमी होतो. या बदलाचे परिणाम पुढीलप्रमाणे असतात:

• जमिनीपासूनची उंची: व्यास ३० मिमीने वाढला तरी आसाची उंची त्याच्या निम्मी, म्हणजे १५ मिमीच वाढते.
• वेगमापक: व्यास ४.३ टक्के वाढल्याने मापकावर ताशी ६० किमी दिसत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ६२.६ किमी असतो. एकूण अंतराची नोंदही त्याच प्रमाणात कमी होते.
• ओढ: इंजिन व गिअर तेच राहत असल्याने चाकाशी मिळणारी ओढ सुमारे ४ टक्क्यांनी घटते. चढावर आणि चिखलात हे जाणवते.
• ब्रेक: ब्रेकची यंत्रणा तीच राहिली तर रस्त्यावर मिळणारा रोधही त्याच प्रमाणात कमी होतो. जड टायर थांबवण्यासाठी अधिक जोर लागतो, तो वेगळाच.
• घासणे: स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात पाटे दबल्यावर टायर मडगार्डला अथवा सांगाड्याला घासू शकतो.

टायरवरील भारनिर्देशांकही तितकाच महत्त्वाचा असतो. १०० हा निर्देशांक ८०० किलो, १०४ हा ९०० किलो आणि ११२ हा १,१२० किलो भार दर्शवतो. हा भार एका टायरचा असून तो ठरलेल्या हवेच्या दाबालाच लागू होतो. आकाराने मोठा परंतु मोटारीसाठी बनवलेला टायर मालवाहू टायरपेक्षा कमी भार पेलणारा असू शकतो. मऊ जमिनीत हवा थोडी कमी केल्यास टायर पसरतो आणि पकड वाढते. त्याच कमी हवेवर भरलेले वाहन महामार्गावर नेल्यास टायरच्या कडा सतत दुमडतात, टायर तापतो आणि फुटण्याची शक्यता वाढते.

निलंबनाची उंची वाढवण्याच्या पद्धती

बहुतेक पिकअप वाहनांच्या मागील बाजूस अखंड आस आणि पोलादी पाटे असतात. उंची वाढवण्यासाठी पुढील पद्धती वापरल्या जातात:

• पाटा वाढवणे: पाट्यांच्या जुडग्यात एक किंवा अधिक पाटे घालतात. त्यामुळे वाहन काही प्रमाणात उचलले जाते आणि निलंबन कडक होते. रिकामे वाहन मात्र खड्ड्यांत अधिक उसळते.
• कमान वाढवणे: जुन्या पाट्यांना नव्याने बाक देतात. उष्णता देऊन हे काम केल्यावर पोलादाला पुन्हा योग्य पाणी दिले नाही, तर पाटा लवकर बसतो किंवा तुटतो.
• ठोकळा घालणे: आस आणि पाटे यांच्यामध्ये धातूचा ठोकळा ठेवून लांब यू-बोल्टने आवळतात. एकावर एक ठोकळे रचणे धोकादायक मानले जाते, कारण ब्रेक लावताना आसाला पीळ बसतो व ठोकळा सरकू शकतो.
• लांब शॅकल: पाट्याच्या टोकाशी असलेली शॅकल लांब केली जाते. शॅकल जितकी लांब केली, त्याच्या सुमारे निम्मीच उंची वाढते.
• पुढील बाजू: टॉर्शन बार असलेल्या वाहनांत तो आवळून पुढची बाजू उचलतात. त्यानंतर चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट केले नाही तर टायर एका बाजूने झिजतात.

या सर्व पद्धतींना एक समान मर्यादा आहे. पाटे कितीही उंच केले तरी फक्त सांगाडा वर जातो, आस जागेवरच राहते. आसाच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा हा मागील बाजूचा सर्वांत खालचा भाग असतो. चाकोरीतील मातीला बहुधा तोच लागतो. त्याची उंची केवळ टायरचा व्यास वाढल्यानेच वाढते.

भारक्षमता

वाहनाचे एकूण कमाल वजन उत्पादकाने ठरवलेले असून ते नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले असते. ते ठरवताना पाटे, आस, बेअरिंग, ब्रेक, सांगाडा, स्टेअरिंग आणि टायर या सर्वांचा विचार केलेला असतो. पाटा वाढवल्याने यांपैकी एकच भाग मजबूत होतो. वाहन भाराखाली बसत नाही, म्हणून ते अधिक भार पेलते असा समज होतो. प्रत्यक्षात वाढीव ताण बेअरिंग, आस आणि ब्रेक यांच्यावर जातो. पूर्वी दबलेले पाटे पाहून अतिरिक्त भाराची कल्पना येत असे, कडक पाट्यांमुळे ती दृश्य खूणही नाहीशी होते.

सुरक्षिततेवरील परिणाम

वाहन आडवे होण्याचा धोका मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो: डाव्या–उजव्या चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागले की स्थैर्याचा अंक मिळतो. तो जितका लहान, तितका धोका अधिक. समजा, चाकांमधील अंतर १.४ मीटर आहे आणि रिकाम्या वाहनाचा गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर आहे, तर हा अंक १ येतो. कांद्याच्या गोण्या उंच रचल्याने गुरुत्वमध्य ०.९५ मीटरवर गेला तर तो सुमारे ०.७४ होतो. त्यात वाहन ५ सेंटिमीटरने उंच केलेले असल्यास तो ०.७० वर उतरतो. म्हणजेच रिकामे असताना न जाणवणारा फरक भरलेल्या वाहनाच्या वळणावर निर्णायक ठरू शकतो.

अनेक मालवाहू वाहनांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. सांगाडा आणि आस यांच्यातील अंतरावरून तो भाराचा अंदाज घेतो. वाहन उंच केल्यावर हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवला नाही, तर भरलेले वाहनही त्याला रिकामे भासते आणि मागील ब्रेक कमी लागतात. याशिवाय प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लवकर झिजतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, शॉक ॲब्सॉर्बरची लांबी अपुरी पडते आणि दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. उंच झालेल्या वाहनाखाली दुचाकी किंवा लहान मोटार शिरण्याचा धोकाही वाढतो.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हीच भूमिका कायम केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अतिरिक्त भारासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि त्यापुढील प्रत्येक टनाला २,००० रुपये अशी दंडाची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा वाहनांच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिमी असावी लागते.

उत्पादकाने त्या प्रतिरूपासाठी मान्य केलेल्या पर्यायी मापाचा टायर बसवणे हा सामान्यतः आक्षेपार्ह बदल ठरत नाही. राहाता तालुक्यातील वाहनांची नोंदणी श्रीरामपूर येथील परिवहन कार्यालयात (एमएच १७) होते. मालवाहू वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्या तपासणीत असे बदल नजरेस येतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या भरपाईत अडचणीचा ठरू शकतो.

पर्याय

मूळ मापातच चिखलासाठीच्या खोल नक्षीचे टायर घेणे, माल बुटका व समतोल रचणे, झिजलेले पाटे मूळ प्रतीच्या पाट्यांनी बदलणे आणि गरज असल्यास अधिक भारक्षमतेचे किंवा चारही चाकांना शक्ती देणारे वाहन निवडणे, हे कायद्यात बसणारे पर्याय आहेत. वाटेची सुधारणा हा दुसरा मार्ग होय. शेतापर्यंतच्या कच्च्या वाटा मजबूत करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू केली. खडी व मुरूम टाकून दाबलेल्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या वाटेवर मूळ उंचीचे पिकअपही पावसाळ्यात शेतापर्यंत जाऊ शकते.

हेही पाहा

• पुणतांबा
• टायर
• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• पाणंद रस्ता