शिवनेरीचा देखावा व ढोलताशांचें पथक

शिवजयंतीस ढोलताशांच्या वादनांतून स्वदेशाचा इतिहास उभा करण्याची चाल पुणें प्रांतीं आतां चांगली रुळली आहे. ध्वज, ताशे, ढोल, टोल व झांजा असा हा थाट असतो. जुन्नर-आंबेगांवच्या पथकानें असा कार्यक्रम रचावयाचा म्हटल्यास त्याचा विषय शिवनेरी हाच व्हावयाचा. परंतु शिवनेरीवर विजयाचा नगारा कोणत्या काळीं वाजवावा, हा प्रश्न वादकांचा नसून संशोधकांचा आहे. आणि त्याचें उत्तर नेहमींच्या देखाव्यास अनुकूल नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम जन्मप्रसंग घेऊं. लोकमान्य टिळकांच्या पुरस्कारानें रायगडावर 1896 सालीं उत्सव झाला, तेव्हां महाराजांचें जन्मवर्ष सामान्यतः शके 1549 मानीत. 1916 सालीं टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली व तींत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, ही तिथि मिळाली. पुढें परमानंदाच्या शिवभारतानें तिला दुजोरा दिला. जुन्या इंग्रजी गणनेनें ती 19 फेब्रुवारी 1630 होय. म्हणजे आजचा उत्सवदिनच एका जुन्या बाडाचें देणें आहे. येथें सर्व ढोलांचा गजर यथार्थ होय.

यापुढें मात्र सावध राहिलें पाहिजे. शहाजीराजांच्या 1636 च्या तहानंतर शिवनेरी मोगलांकडे गेला, तो महाराजांच्या हयातींत स्वराज्यांत आलाच नाहीं. इंग्रज वैद्य फ्रायर 1675 सालीं जुन्नरास आला, तेव्हां गडावर मोगलांचाच किल्लेदार होता. आणि एक हजार कुटुंबांस सात वर्षें पुरेल इतका सांठा तेथें असल्याचें तो लिहितो. अशा गडावर महाराज विजयी होऊन चढत आहेत व नगारा झडत आहे, असा देखावा मांडणें म्हणजे न घडलेली गोष्ट मुलांच्या मनांत कायमची बसविणें होय.

यावर कोणी म्हणेल कीं, उत्सव म्हणजे कांहीं शोधनिबंध नव्हे. आम्हांस तें मान्य आहे. परंतु खरा प्रसंग कल्पिताहून सरस असतां तो टाकावा कां? 1657 च्या एप्रिलअखेर मराठ्यांनीं रात्रीं दोरांच्या शिड्या लावून जुन्नरच्या तटावरून शहरांत प्रवेश केला. तीन लक्ष होनांची मत्ता व दोनशे घोडीं हातीं लागल्याची नोंद सभासदाच्या बखरींत आहे. ढोलाचें एक अंग टिपरूनें व दुसरें हाताच्या थापेनें वाजतें, हें सर्वांस ठाऊकच आहे. शिड्या चढतांना केवळ थाप, तीही हलकी. तटावर पोंचतांच पूर्ण शांतता. मग एकाच ताशाची तर्री, आणि त्यावर सर्व टिपरूंचा एकदम आघात, अशी रचना केल्यास प्रसंग आपोआप उभा राहील. शेवटीं नाद दूर जात विरावा, कारण मराठे लूट घेऊन निघून गेले. आणि वरचा गड मोगलांकडेच असल्यानें त्यावर ध्वज लावूं नये. अठराव्या शतकांत गड मराठ्यांकडे आला, त्या प्रसंगास तो ध्वज व तो नगारा राखून ठेवावा. इतका वेळ रोखून धरलेला नाद तेथें अधिकच शोभेल.

आंबेगांवचा प्रसंग याहून निराळा. त्या तालुक्यांतील महाळुंगे पडवळ येथील बाबू गेनू यांनीं 12 डिसेंबर 1930 रोजीं मुंबईंत विलायती कापडाच्या मालमोटारीपुढें आपला देह ठेवला. हातीं शस्त्र नसलेल्या या वीरासाठीं रणवाद्य नको. टोलाचा एकच ठोका व मागाहून स्तब्धता पुरे.

देशाभिमानास खोट्या विजयाची गरज नसते. न मिळालेल्या गडाखालीं रात्रीं शिडी लावणारांचें धैर्य मिळालेल्या गडावरील नगाऱ्याहून उणें नाहीं. जुन्नर-आंबेगांवकडील ज्या संग्राहकांजवळ गडावरील नौबत, नगारखाना अथवा वाजंत्र्यांच्या नेमणुकीचे कागद असतील, त्यांनीं ते उजेडांत आणावे, अशी आमची विनंति आहे. पथकांस चांगले ढोल मिळाले आहेत. आतां त्यांस खरे कागद मिळाले पाहिजेत.