आधी जमाखर्च, मग निशाण

सन १८०१ च्या शिरगणतीत आइसलंडची लोकसंख्या ४७,२४० भरली. आपल्याकडील लहानशा तालुक्यातही याहून अधिक माणसे राहतात. त्या बेटावर शहर म्हणण्याजोगे गाव नव्हते, गाडीरस्ते नव्हते, झाडे जवळजवळ नव्हती, आणि सैन्य तर नव्हतेच. १७८३ साली लाकी येथे भूमी फाटून अग्निरस वाहू लागला, विषारी धुराने कुरणे जळाली, मेंढरे मेली, आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात सुमारे पंचमांश प्रजा नाहीशी झाली. त्यातून सावरते न सावरते तोच १८०० साली डेन्मार्कच्या राजाने त्यांची आल्थिंग ही पुरातन सभा मोडीत काढली. इसवी सन ९३० पासून या ना त्या रूपाने भरत आलेली ही सभा. अशा समाजाने स्वराज्य मागावे ते कोणत्या तोंडाने, असे कोपनहेगनमधील एखाद्या सभ्य गृहस्थास वाटले असल्यास नवल नाही.

पण आइसलंडने स्वराज्य मागितले, मिळविले आणि चालवून दाखविले. मोठ्या राष्ट्रांच्या स्वातंत्र्यकथा आपण पुष्कळ वाचतो. त्यांत तोफा असतात, फाशीचे दोर असतात, विराट सभा असतात. आइसलंडच्या कथेत यांपैकी काहीच नाही. तीत मासिके आहेत, अर्ज आहेत, अंदाजपत्रके आहेत. ज्यांचे आयुष्य कागदांत जाते अशा आपल्यासारख्या वाचकांना ती म्हणूनच जवळची वाटावी. शिवाय तिचा नायक परमुलखात राहणारा होता.

योन सिगुर्दसोन हे त्याचे नाव. १७ जून १८११ रोजी एका पाद्र्याच्या घरी तो जन्मला, १८३३ साली विद्यार्जनासाठी कोपनहेगनला गेला आणि १८७९ मध्ये तेथेच वारला. पदवी त्याने पुरी केली नाही. जुनी हस्तलिखिते लावणे, राजाज्ञा व सनदा यांचे संग्रह छापणे, हा त्याचा चरितार्थ. आल्थिंगचे अधिवेशन आले की जहाजाने स्वदेशी जावे, अधिवेशन आटोपले की परत राज्यकर्त्यांच्या राजधानीत यावे, हा त्याचा क्रम. ज्या दप्तरखान्यात त्याच्या देशाच्या पराधीनतेचे कागद होते, त्याच दप्तरखान्यातून त्याने स्वाधीनतेचे पुरावे काढले. वरिष्ठांच्या कचेरीत बसून वरिष्ठांविरुद्धचे टिपण तयार करण्याची ही कला सर्वांस साधत नाही.

१८४१ पासून त्याने कोपनहेगनहून एक वार्षिक काढले. त्याच्या पहिल्या दोनतीन अंकांत त्याने तीन मोठे निबंध लिहिले. एक आल्थिंगवर, दुसरा शाळांवर आणि तिसरा व्यापारावर. लहान राष्ट्राने प्रथम काय मागावे, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर याच तीन विषयांत आहे. ध्वज, राजदूत, बिरुदे यांचा त्यात मागमूस नाही. आल्थिंग १८४३ च्या राजाज्ञेने पुन्हा स्थापन झाली व १८४५ साली रेक्याविक येथे भरली. पण ती केवळ सल्ला देणारी. सल्ला दिला जाणे आणि तो मानला जाणे यांतील अंतर आपणांस मी काय सांगावे?

तेव्हा योनने आपला भर व्यापारावर ठेवला. १६०२ पासून १७८७ पर्यंत आइसलंडचा सारा व्यापार मक्त्याने दिलेला होता. मासळी व लोकर कोणत्या भावाने विकावी, धान्य कोणत्या भावाने घ्यावे, हे बेटावरच्या माणसाच्या हाती नव्हते. मक्ता उठला तरी पुढे कितीएक वर्षे डॅनिश प्रजाजनांवाचून इतरांस तेथे व्यापाराची मोकळीक नव्हती. ती बंदी १ एप्रिल १८५५ रोजी उठली. राज्यघटना मिळण्यापूर्वी एकोणीस वर्षे बाजार मोकळा झाला, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे १८८२ पासून शेतकऱ्यांनी सहकारी खरेदी-विक्री मंडळे काढली, तेव्हा कोठे मोकळ्या बाजाराचा लाभ त्यांच्या दारापर्यंत पोहोचू लागला.

१८४८ साली डेन्मार्कच्या राजाने अनियंत्रित सत्ता सोडण्याचे ठरविले. त्या वेळी योनने मांडलेला युक्तिवाद मोठा मार्मिक आहे. आमच्या पूर्वजांनी १२६२ च्या सुमारास जो करार केला तो राजाशी. डॅनिश लोकांशी आम्ही कधी करार केला नाही. आता राजा सत्ता खाली ठेवीत असेल तर आमच्या वाट्याची सत्ता आमच्याकडे परत यावी. सहाशे वर्षांपूर्वीच्या, आणि तोही नॉर्वेच्या राजाशी झालेल्या, करारावर एवढी इमारत उभारणे कायद्याच्या दृष्टीने कितपत टिकाऊ होते, याविषयी मला शंका आहे. पण त्यामुळे एक मोठी गोष्ट घडली. ‘तुम्ही लायक आहात काय?’ या प्रश्नावरून वाद उठून ‘तुम्हांस हक्क कोठून?’ या प्रश्नावर आला. पहिल्या प्रश्नात परीक्षक नेहमीच सत्ताधारी असतो. दुसऱ्यात दोन्ही पक्षांना कागद दाखवावे लागतात. कागद तर योनपाशी भरपूर होते.

१८५१ साली रेक्याविकला राष्ट्रीय परिषद भरली. सरकारी विधेयक आइसलंडला डेन्मार्कचा एक जिल्हा बनवू पाहणारे आहे असे दिसताच सभासदांनी आपला वेगळा मसुदा तयार केला. ९ ऑगस्ट रोजी राज्यपाल काउंट ट्रांप याने परिषद अकस्मात विसर्जित केली. योन निषेधासाठी उभा राहिला, आणि त्याच्यामागे बहुतेक सर्व सभासदांनी एकमुखाने निषेध उच्चारला. गावात डॅनिश शिपाई आणून ठेवले होते. त्यांना काही काम पडले नाही. त्यानंतर तेवीस वर्षे घटनेचा प्रश्न लोंबकळत राहिला.

ही तेवीस वर्षे वाया गेली असे मात्र नाही. १८६१ साली दोन्ही देशांचा जमाखर्च वेगळा करण्यासाठी एक समिती नेमण्यात आली. डॅनिश बाजूचे म्हणणे असे की, आइसलंड हा दरसाल तुटीचा प्रांत आहे; त्याला आम्हीच पोसतो. योनने १८६२ मध्ये आपला हिशेब निराळा मांडला. धर्मसुधारणेच्या काळापासून राजाने ताब्यात घेऊन विकलेल्या चर्चच्या जमिनी, मक्त्याच्या व्यापारातील नफा, अशा रकमा धरून त्याने दाखविले की येणे आमचेच आहे, आणि ते दरसाल सुमारे एक लाख रिक्सडालर. आकडे फुगवलेले होते, असे म्हणणाऱ्यांस सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. पण ज्याला भिक्षेकरी म्हणत होते तो धनको म्हणून समोर येऊन बसला. पाचच वर्षांनी, १८६७ मध्ये, दादाभाई नौरोजींनी लंडनमध्ये हिंदुस्थानचे इंग्लंडकडे असलेले येणे मांडले. या दोघांस एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. पराधीन देशाच्या बुद्धिमान माणसाच्या हाती हिशेबाची वही पडली म्हणजे तो एकाच पानावर येऊन पोहोचतो, एवढेच.

१८७१ च्या डॅनिश कायद्याने आइसलंडला दरसाल ३०,००० रिक्सडालर कायमचे, आणि आणखी २०,००० काही वर्षे पूर्ण व पुढे घटत जाणारे, असे मंजूर केले. हा कायदा आल्थिंगच्या संमतीवाचून झाला, म्हणून आल्थिंगने तो बंधनकारक मानला नाही. रक्कम मात्र स्वीकारली. हरकत नोंदवून पैसे घेण्याची ही रीत आपल्या लेखाशाखेतील मंडळींना चांगली परिचित आहे. पुढे १८७४ साली, वसाहतीच्या सहस्रसांवत्सरिक उत्सवाला, राजा नववा ख्रिस्तियन स्वतः आला आणि त्याने अंतर्गत बाबींत कायदे करण्याचा व अंदाजपत्रक ठरविण्याचा अधिकार देणारी राज्यघटना दिली.

या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या आल्थिंगसाठी एवढी खटपट झाली ती दीर्घकाळ जमीनधारक शेतकऱ्यांचीच सभा होती. भूमिहीनाने वर्षाच्या कराराने कोणाच्या तरी घरी चाकरीस राहिलेच पाहिजे, हा जुना निर्बंध १८९४ पर्यंत सैल झाला नाही, आणि तो टिकविण्याची इच्छा कोपनहेगनपेक्षा बेटावरच अधिक होती. योन या बाबतीत आपल्या मतदारांच्या पुढे होता. मेंढ्यांच्या खरजेच्या साथीतही कळप कापून टाकण्याऐवजी औषधोपचार करावा असे त्याने सांगितले, त्यासाठी सरकारचा प्रतिनिधी म्हणून काम पत्करले, आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. १८७० ते १९१४ या काळात १४-१५ हजार लोक अमेरिका व कॅनडात निघून गेले, ते काही केवळ डॅनिश कारभाराला कंटाळून नव्हे. स्त्रियांस संसदेच्या निवडणुकीत मताधिकार १९१५ साली मिळाला, तोही प्रथम चाळिशी ओलांडलेल्यांना.

१८७४ च्या घटनेत एक मोठी खोच होती. आइसलंडचा मंत्री म्हणजे डेन्मार्कचा न्यायमंत्रीच. तो राहणार कोपनहेगनला, आणि ज्या प्रजेचे कायदे तो राजापुढे ठेवणार तिची भाषा त्याला यावयाची नाही. तीस वर्षे आल्थिंग ठराव करी आणि ते समुद्रापलीकडे अडून राहत. १९०३ च्या घटनादुरुस्तीने नियम झाला की मंत्र्याने रेक्याविक येथेच राहावे, आणि त्याला आइसलंडी भाषा बोलता व लिहिता आली पाहिजे. १ फेब्रुवारी १९०४ रोजी हान्नेस हाफस्टेइन या कवीने या पदाची सूत्रे घेतली. कारभार जेथे चालतो तेथे आणि ज्यांच्यासाठी चालतो त्यांच्या भाषेत चालावा, ही मागणी दिसावयास साधी आहे; तिच्यासाठी किती पिढ्या जातात हे भाषिक राज्याकरिता झटलेल्या महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको.

हाफस्टेइनने पहिल्यांदा काय करावे? त्याने तार आणली. शेटलंड व फेरो बेटांवरून समुद्राखालून तार आणून ती पूर्व किनाऱ्यावर सेदिस्फ्योर्दुर येथे काढावयाची, आणि तेथून डोंगर-ओसाडीतून रेक्याविकपर्यंत खांब रोवावयाचे, असा करार त्याने एका डॅनिश तारकंपनीशी केला. यावर काहूर उठले. मार्कोनीची बिनतारी यंत्रणा स्वस्त पडेल असे विरोधकांचे म्हणणे. १ ऑगस्ट १९०५ रोजी दोनशेंहून अधिक शेतकरी, ऐन गवतकापणीचे दिवस टाकून, राजधानीत निषेधाला आले. मंत्र्याने ऐकले नाही. २९ सप्टेंबर १९०६ रोजी तार सुरू झाली. बिनतारीची बाजू घेणारे मूर्ख नव्हते, पुढला काळ बिनतारीचाच होता; तथापि त्या वर्षी बेटाला उद्याच्या यंत्राची नव्हे, तर आज चालणाऱ्या यंत्राची गरज होती. मासळीचा भाव जहाजाची वाट न पाहता कळू लागला, ही गोष्ट पुष्कळशा भाषणांहून मोलाची ठरली.

१९०७ साली दहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षण सक्तीचे झाले. १९०८ साली शिक्षकांसाठी अध्यापनशाळा निघाली. १९११ च्या १७ जूनला, योनच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, विद्यापीठ स्थापन झाले. धर्मशास्त्र, वैद्यक आणि कायदा यांच्या पूर्वीच्या शाळा त्यात एकत्र करण्यात आल्या. पहिल्या वर्षी विद्यार्थी पंचेचाळीस. स्वतंत्र इमारत नव्हती, म्हणून आल्थिंगच्याच इमारतीच्या तळमजल्यावर वर्ग भरू लागले आणि १९४० पर्यंत तेथेच भरत होते. वर कायदे होत आहेत आणि खाली कायदे शिकविले जात आहेत, असे दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसले असेल. १९१४ मध्ये लोकवर्गणीच्या भागांतून जहाजकंपनी निघाली. बेटावरील हजारो सामान्य माणसांनी आणि कॅनडातील देशबांधवांनीही तिचे भाग घेतले. दुसऱ्याच वर्षी तिचे पहिले जहाज, गुल्फॉस, पाण्यावर आले. महायुद्धाने युरोपातील वाटा अडल्या, तेव्हा धान्यासाठी आइसलंडची स्वतःची जहाजे न्यूयॉर्कला जाऊ शकली.

आणि मग निशाण. १९१३ साली रेक्याविकच्या बंदरात एका तरुणाच्या होडीवरील निळे-पांढरे निशाण डॅनिश गस्तीनौकेने जप्त केले आणि सारे शहर खवळून उठले. १९१५ मध्ये आइसलंडला स्वतःच्या ध्वजाची परवानगी मिळाली. तोपर्यंत बाजार, खजिना, बँक, तार, शाळा, विद्यापीठ आणि जहाजे एवढे पदरी पडलेले होते.

१९१८ साली डॅनिश शिष्टमंडळच वाटाघाटींसाठी रेक्याविकला आले. संघकराराला लोकमतात १२,४११ मते अनुकूल व ९९९ प्रतिकूल पडली. १ डिसेंबर १९१८ पासून आइसलंड हे डेन्मार्कशी राजापुरते संयुक्त असे सार्वभौम राज्य झाले. त्या दिवशी समारंभ बेताचाच झाला, कारण स्पॅनिश तापाच्या साथीने रेक्याविकची घरे रिकामी केली होती. वार्षिक अनुदान बंद झाले. त्याऐवजी दोन्ही देशांतील सांस्कृतिक संबंधांसाठी दहा-दहा लाख क्रोनरचे दोन निधी काढण्यात आले. १९२० पासून सर्वोच्च न्यायालय घरी आले. परराष्ट्रव्यवहार मात्र आइसलंडच्या वतीने डेन्मार्कनेच पाहावा असे ठरले. करार पंचवीस वर्षांचा.

परराष्ट्रव्यवहार दुसऱ्याच्या हाती असला म्हणजे काय होते, याचा एक कागद त्यापूर्वीच तयार झालेला होता. १९०१ साली डेन्मार्कने ब्रिटनशी तह करून आइसलंडची सागरी हद्द पन्नास वर्षांसाठी तीन मैलांवर आणली. डॅनिश लोणी आणि डुकराचे मांस इंग्लंडच्या बाजारात जात होते; आइसलंडच्या खाड्यांतील मासळी त्या मानाने कोणाला आठवणार? इंग्लिश मासेमारी जहाजे किनाऱ्यालगत जाळी ओढीत राहिली. हा तह संपल्यावर हद्द १९५२ मध्ये चार मैल, १९५८ मध्ये बारा, १९७२ मध्ये पन्नास आणि १९७५ मध्ये दोनशे मैल झाली. ब्रिटिश नौदलाशी धडका घेऊन ती टिकविली गेली.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापले. बातमी तारेने आली. दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वीच आल्थिंगने दोन ठराव करून राजाचे अधिकार मंत्रिमंडळाकडे आणि परराष्ट्रव्यवहार व किनाऱ्याची राखण आपल्याकडे घेतली. कारभारात एका दिवसाचाही खंड पडला नाही. खाती होती, माणसे होती, नियम होते. १० मे रोजी इंग्रज सैन्य उतरले, तटस्थतेचा निषेधखलिता त्यांना देण्यात आला, आणि कचेऱ्या नेहमीप्रमाणे उघडल्या. मे १९४४ मध्ये ९८ टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत दिले व जवळजवळ सर्वांनीच संबंध तोडण्यास संमती दिली. १७ जून १९४४ रोजी थिंगवेल्लिरच्या पुरातन सभास्थानी भर पावसात प्रजासत्ताकाची घोषणा झाली. जर्मन अमलाखालील कोपनहेगनमधून राजा दहाव्या ख्रिस्तियनची अभिनंदनाची तार आली, ती तेथेच वाचून दाखविण्यात आली.

जमाखर्चाचे एक कलम तरीही उघडे राहिले होते. ज्या हस्तलिखितांवर योनने उभे आयुष्य काढले ती कोपनहेगनलाच होती. डॅनिश संसदेत आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालून अखेर २१ एप्रिल १९७१ रोजी एका डॅनिश युद्धनौकेतून पहिली दोन पुस्तके रेक्याविकच्या धक्क्यावर उतरली. त्या दिवशी शाळांना सुट्टी होती. बाकीच्या हस्तलिखितांची पाठवणी १९९७ पर्यंत चालली.