दीनदयाळ, राजा लाला

(१८४४–१९०५). निजामाचे दरबारी छायाचित्रकार. जन्म मेरठजवळ सरधना येथे. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून १८६६ मध्ये ते इंदूरच्या बांधकाम खात्यात आरेखक म्हणून लागले आणि नोकरीत असतानाच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने सिकंदराबादेत व पुढे १८९६ मध्ये मुंबईत त्यांचे स्टुडिओ उभे राहिले. पडदानशीन स्त्रियांसाठी हैदराबादेत १८९२ मध्ये वेगळा जनाना स्टुडिओ निघाला. तो एक इंग्रज बाई सांभाळत. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा यांची त्यांची चित्रे वाखाणली जातात, पण स्टुडिओची खरी ओळख व्यक्तिचित्रांची.

हा धंदा कारखान्यांच्या मालावर उभा होता, हे सहसा कुणी सांगत नाही. आधीच्या काळात छायाचित्रकाराला काचेवर कलोडियन ओतून, चांदीच्या द्रावणात बुडवून, ती काच ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. दख्खनच्या उन्हात ती पाहता पाहता वाळे. १८८० च्या सुमारास युरोपातल्या कारखान्यांतून तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि ही धावपळ संपली. कागदाचेही तसेच. चांगला कोरा कागद मुख्यतः फ्रान्समधील रीव्ह आणि जर्मनीच्या ताब्यातील माल्मेदी या दोनच ठिकाणच्या गिरण्यांतून येई. ड्रेस्डेनमध्ये त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर चढवत. एका रिमला २७ डझन अंडी लागत. तिथल्या सर्वांत मोठ्या कंपनीने १८८८ या एका वर्षात १८,६७४ रिमे कागद काढला, म्हणजे साठ लाखांहून अधिक अंडी! पिवळा बलक चामडे कमावणाऱ्यांकडे जाई. एखाद्या जहागीरदाराच्या शेरवानीवरचा जरीकाठ आजही त्या चित्रात धागा न् धागा दिसतो, तो या गुळगुळीत थरामुळे. फोटोचा कागद इतका पातळ की सुटा ठेवला तर गुंडाळून जाई. म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवत आणि पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव छापत. साच्यातला माल असूनही प्रत्येक गिऱ्हाईक त्यात आपल्या ऐटीत बसलेले आहे.

त्याच स्टुडिओचा कॅमेरा १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबादेत आला. त्या चित्रांत उपाशी माणसे आहेत, बरगड्या मोजता येतील अशी. एका चित्राखाली इंग्रजीत ओळ आहे, तिचा अर्थ ‘कृशतेचे प्रकार, औरंगाबाद’. नाव एकाचेही नाही. पैसे मोजून स्टुडिओत येणाऱ्याला नाव, पदवी, खुर्ची, मागे रंगवलेला पडदा. उपाशी माणूस मात्र ‘प्रकार’ ठरला. मराठवाड्याच्या इतिहासात ही चित्रे अग्रभागी हवीत. सरकारी दुष्काळ-अहवालांतल्या आकड्यांना चेहरे नसतात, इथे ते आहेत.

नावे हरवली, काचा मात्र काही प्रमाणात वाचल्या. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये स्टुडिओच्या २,८५७ निगेटिव्ह मिळवल्या. स्टुडिओत निगेटिव्हला क्रमांक देण्याची शिस्त होती. तोच आकडा पुष्कळ छापील प्रतींच्या कोपऱ्यातही उमटलेला दिसतो.